अकरा महिन्यांचा करार आणि घर बळकावण्याची भीती

‘करार अकरा महिन्यांचाच करा, नोंदणी लागत नाही, वर्षावर गेला की भाडेकरू घरावर हक्क सांगतो.’ हे दोन्ही समज महाराष्ट्रात चुकीचे आहेत.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, हा नियम 1908 च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातला. अकरा महिने तिथून आले. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची नुसती परवानगी) कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे हजार रुपये नोंदणी शुल्क वाचवायला जाऊन मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो.

भीती मात्र हवेतून आलेली नाही. 1 फेब्रुवारी 1973 रोजी मुंबईत लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्याने संरक्षित भाडेकरू, म्हणजे सहज घराबाहेर काढता न येणारे, ठरवलं. त्याआधी 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली होती. त्या पिढीतल्या घरमालकांनी पोळल्यावर फ्लॅट कुलूपबंद ठेवणंच पसंत केलं.

आजच्या, 1999 च्या कायद्याचं कलम 24 वेगळं आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की ताबा द्यावाच लागतो. न दिल्यास दुप्पट भाड्याने भरपाई, आणि दाद मागायला सक्षम प्राधिकारी, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी. तरीही जुन्या धास्तीपोटी घरं बंद राहतात, आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेल्यांना उरलेल्या मोजक्या घरांसाठी चढं भाडं मोजावं लागतं. याची मला मनापासून चीड येते.