संकल्पाला १ जानेवारीच कशाला?

गोव्यात ज्यांचं पोट पर्यटनावर चालतं, त्यांना नवा संकल्प सुरू करायला १ जानेवारीइतका गैरसोयीचा दिवस शोधून सापडणार नाही. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या एखाद्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात किंवा टॅक्सीत ३१ डिसेंबरची अख्खी रात्र काढलेला माणूस पहाटे पाचला उठून चालायला जाणार कसा? तरीही तारीख तीच धरली जाते. मग महिन्याभरात संकल्प सुटला की आपण खापर फोडतो ते स्वतःच्या इच्छाशक्तीवर. हा स्वतःवरचा अन्याय आहे. संकल्प टिकतो की सुटतो हे बरंचसं तो कसा आखला यावर ठरतं, आणि मानसशास्त्रज्ञांनी ही आखणी चांगली तपासून पाहिली आहे.

आधी तारखेचंच पाहू. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये गूगलवरचे ‘डाएट’चे शोध आणि एका विद्यापीठाच्या जिममधली हजेरी तपासली. दोन्ही आकडे वर्षारंभी वाढत होते, तसेच महिन्याच्या आणि आठवड्याच्या सुरुवातीलाही. असा दिवस आला की मागचं अपयश ‘जुन्या’ काळात जमा होतं आणि आपण नव्याने उभे राहतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे बळ १ जानेवारीत नाही, आपण दिवसाला देतो त्या महत्त्वात आहे. सीझनमध्ये राबणाऱ्याने संवसार पाडव्याला, म्हणजे गुढीपाडव्याला, आरंभ करावा. गावची जत्रा आटोपल्यानंतरचा सोमवारही चालेल. कामाचा ताण ओसरलेला असेल तो मुहूर्त चांगला.

आता ध्येयाचा आकार. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, काम कधी पुरं होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ‘सगळं बिनसलं तर किती लागतील?’ या प्रश्नाचं त्यांचं सरासरी उत्तरही ४९ दिवसांच्या आतच होतं. भविष्याचा विचार करताना आपण काम कसं पार पडेल तेवढंच डोळ्यांपुढे आणतो. पाहुणे, आजारपण, नाटकाच्या तालमी, यातलं काही त्या चित्रात नसतं. उपाय साधा आहे: पुढचा अंदाज मागच्या नोंदीवरून बांधायचा. गेल्या वर्षी चार पुस्तकं वाचून झाली असतील तर यंदा सहा किंवा आठ ठरवा, पन्नास नको.

पण वास्तववादी म्हणजे सोपं, असंही नव्हे. खाणींच्या भागातले खनिजाचे ट्रक पाहिलेल्या गोवेकरांना एक प्रयोग पटकन उमगेल. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायदेशीर मर्यादेच्या जेमतेम ६० टक्के भरून निघत. चालकांना सांगितलेलं असायचं, ‘होईल तेवढं चांगलं करा.’ गॅरी लॅथम आणि जेम्स बाल्डिस यांनी तिथे ठाम लक्ष्य दिलं, ९४ टक्के. काही महिन्यांत भार ९० टक्क्यांच्या वर गेला आणि महिनोन्‌महिने तसाच राहिला. हा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. लक्ष्य अवघड होतं, पण चालकांच्या हातातलं होतं, आणि आपण कुठवर आलो हे त्यांना कळत होतं. ‘यंदा तब्येतीकडे लक्ष देईन’ यात मोजता येण्याजोगं काहीच नाही.

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट यापुढची आहे. सारा मिल्न आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. हृदयविकाराची माहिती देऊन व्यायामासाठी प्रवृत्त केलेल्या गटात पुढच्या आठवड्यात ३५ टक्के जणांनी व्यायाम केला. काहीच न सांगितलेल्या गटात ३८ टक्क्यांनी. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे लिहून घेतलं. त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी केला! पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलेली ही ‘अमुक झालं की तमुक करीन’ पद्धत. ठरलेली खूण समोर आली की कृती आठवते, तेव्हा मनाशी वाद घालत बसावं लागत नाही.

आपल्या गावांत अशी खूण रोज सकाळी दारात येते. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला की पाव घ्यायचे आणि चपला चढवून देवळापर्यंत चालून यायचं. घड्याळाचा गजर बंद करता येतो, भोंपू नाही. संकल्प ‘करणार नाही’ ऐवजी ‘करीन’ असा असावा, हेही जाता जाता सांगायला हवं. स्वीडनमधल्या हजारावर लोकांच्या २०२० च्या अभ्यासात ‘करीन’वाले सुमारे ५९ टक्के यशस्वी ठरले, ‘टाळीन’वाले ४७ टक्के. ‘रात्री मोबाइल बघणार नाही’ यापेक्षा ‘दहा वाजता मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवीन’ हे बरं.

सवय २१ दिवसांत लागते हा समज मात्र सोडून द्या. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक नवी कृती ठरल्या वेळी करायला लावली. ज्यांची प्रगती नीट मोजता आली, त्यांना कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागणार असं दिसलं. कुणाला १८, कुणाला तब्बल २५४. हा मोठा आकडा अर्थात गणिताने पुढे वाढवून काढलेला. १ जानेवारीला सुरुवात केली तर ६६ वा दिवस शिगम्याच्या सुमारास येतो, आणि २५४ वा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाला बराच जास्त काळ लागला.

याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. जत्रेच्या नाटकाला रात्रभर जागून सकाळचं चालणं हुकलं तर दुसऱ्या दिवशी भोंपूबरोबर निघावं, भरपाई म्हणून दुप्पट चालायला नको. लांबलेला खंड मात्र धोक्याचा, आणि तो आपल्याकडे जूनमध्ये ठरलेलाच असतो. म्हणून पावसाची सोय आताच लिहून ठेवा: बाहेर ओतत असेल तर इमारतीच्या जिन्यावर, नाहीतर जुन्या घराच्या राजांगणाभोवती, म्हणजे आतल्या चौकाभोवती, वीस मिनिटं.