वैद्यकातील स्त्रियांचा गौरव

रुग्णसेवा, वैद्यकीय शिक्षण आणि वैद्यकीय संशोधन यांत काम केलेल्या स्त्रियांचे स्मरण दिनविशेष, पुरस्कार, पदके, पुतळे किंवा संस्थांना दिलेली नावे यांतून जाहीरपणे करण्याची प्रथा. आजाऱ्याची शुश्रूषा, बाळंतपण, घरगुती औषधोपचार ही कामे बहुतेक समाजांत पूर्वापार बायकांकडे होती. नोंदी ठेवणारे, पदव्या देणारे आणि शोधनिबंधांवर नावे घालणारे हात मात्र बहुधा पुरुषांचे होते. त्यामुळे काम एकीचे आणि नाव दुसऱ्याचे, असे या क्षेत्रात वारंवार घडले. गौरवाच्या प्रथेतला बराच खटाटोप ही फारकत मिटवण्यासाठीच आहे. तो घाईने करताना कधी कधी नव्या चुकाही झाल्या.

जुनी नावे आणि एक गल्लत

प्राचीन इजिप्तमधील ‘मेरित प्ताह’ ही जगातील पहिली स्त्री-वैद्य, असे अनेक वर्षे लिहिले जात होते. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही तिचे नाव मिळाले. पुढे याकूब क्वेचिन्स्की या अभ्यासकाने मूळ पुरावा शोधला, तेव्हा अशी वैद्य सापडलीच नाही. १९३८ मध्ये केट कॅम्बेल हर्ड-मीड या डॉक्टर बाईंनी स्त्री-वैद्यांचा इतिहास लिहिताना दोन व्यक्तींची सरमिसळ केली होती आणि पुढच्यांनी ती तशीच उतरवून घेतली. खरा पुरावा आहे तो पेसेशेत या स्त्रीचा. गिझा येथील एका थडग्यातील शिलालेखात तिला ‘स्त्री-वैद्यांची पर्यवेक्षिका’ म्हटले आहे. वैद्य स्त्रियांवर देखरेख करणारी एक स्त्री होती, म्हणजे तिच्या हाताखाली अशा अनेकजणी असणार. ‘पहिली’ शोधण्याच्या नादात हा जास्त मोलाचा अर्थ बराच काळ बाजूला पडला.

बाराव्या शतकात इटलीतील सालेर्नो येथे त्रोता नावाची वैद्य होऊन गेली. स्त्रीरोगांवरील तीन लॅटिन ग्रंथांचा एक संच तिच्या नावाशी जोडला गेला आणि युरोपभर वापरला गेला. त्यांपैकी एकच ग्रंथ तिच्या परंपरेतला, असे आज मानले जाते. पण १५६६ च्या एका छापील आवृत्तीत संपादकाने तिचे नावच काढले आणि त्या जागी एका पुरुषाचे घातले. बाई असे लिहू शकेल, हेच त्याला पटले नसावे. १९८५ मध्ये माद्रिदच्या एका हस्तलिखितात तिचे दुसरे लेखन मिळाले, तेव्हा ती खरोखर होती याविषयीचा वाद मिटला.

पदवीचा दरवाजा

आधुनिक काळात गौरवाचा पहिला मान पदवी मिळवणाऱ्यांना मिळाला. एलिझाबेथ ब्लॅकवेल (१८२१–१९१०) यांनी न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज केला, तेव्हा प्राध्यापकांनी नकाराची जबाबदारी टाळून निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला. मुलांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी एकमताने होकार दिला. २३ जानेवारी १८४९ रोजी त्या पदवीधर झाल्या. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रसूतिगृहात एका अर्भकाचा संसर्गित डोळा धुताना पाणी त्यांच्या डोळ्यात उडाले. तो डोळा गेला आणि शल्यविशारद होण्याचा विचारही सोडावा लागला. १८५७ मध्ये त्यांनी बहीण एमिली आणि मेरी झाक्शेव्स्का यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये गरीब स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय काढले. तेथे स्त्री-डॉक्टरांना प्रत्यक्ष कामाचा अनुभवही मिळू लागला. त्यांचा जन्मदिवस ३ फेब्रुवारी हा अमेरिकेत स्त्री-डॉक्टरांचा दिवस म्हणून पाळतात.

एडिंबरा विद्यापीठात १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सहा सोबतिणींना वैद्यकाला प्रवेश मिळाला. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीररचनेच्या परीक्षेला जाताना जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला, फाटक त्यांच्या तोंडावर लावून घेतले. त्या आत पोहोचल्यावर परीक्षेच्या दालनात एक मेंढी सोडली. पुढे त्यांना प्रवेश देणेच बेकायदा होते, असा निकाल न्यायालयाने दिला. जेक्स-ब्लेक यांनी १८७४ मध्ये लंडनला स्त्रियांसाठी वेगळे वैद्यकीय विद्यालय उभे केले. एडिंबराने या सातजणींना मरणोत्तर सन्माननीय पदव्या दिल्या त्या २०१९ मध्ये, आणि तिथल्याच विद्यार्थिनींनी त्या त्यांच्या वतीने स्वीकारल्या.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ मध्ये काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. नऊवारी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या वेशातील सीरियाच्या सबात इस्लामबोली अशा तिघी त्यात आहेत. आनंदीबाईंना १८८६ मध्ये पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या गेल्या. त्यांचे स्मरण आजही होते ते त्यांनी उघडलेल्या वाटेसाठी, कारण रुग्ण तपासायला त्यांना सवडच मिळाली नाही. याउलट रखमाबाईंचे झाले. लंडनच्या त्याच स्त्री-विद्यालयात शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झालेल्या रखमाबाईंनी सुरत आणि राजकोट येथे सुमारे पस्तीस वर्षे रुग्णसेवा केली. लोकांच्या आठवणीत मात्र त्या नांदायला जाण्यास नकार दिल्याबद्दल चाललेल्या खटल्यामुळेच अधिक राहिल्या. या दोघींपैकी बाळंतिणींच्या उपयोगी कोण अधिक पडले, हे उघड आहे; गौरवाचा हिशेब वेगळाच लागला.

शुश्रूषा आणि दिव्याची प्रतिमा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांची ‘हातात दिवा घेतलेली बाई’ ही प्रतिमा इतकी रुजली आहे की त्यांचे मोठे काम तिच्याआड झाकले जाते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रुग्णालयातील संसर्गाने आणि घाणीने जास्त मरत होते. परतल्यावर त्यांनी मृत्यूंचे महिनावार आकडे वर्तुळाकार आलेखात मांडून सरकारला हे पटवले. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद. १८६० मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. त्यांचा जन्मदिवस १२ मे हा आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन होय.

त्याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल यांनी परिचारिका म्हणून जाण्यासाठी अर्ज केला होता. त्यांना घेतले नाही. त्या स्वखर्चाने गेल्या, बालाक्लाव्हाजवळ सैनिकांसाठी खाणावळ आणि विश्रांतीची जागा काढली आणि औषधपाणीही केले. २०१६ मध्ये त्यांचा पुतळा नेमका सेंट टॉमस रुग्णालयाच्या आवारात उभा राहिला, तेव्हा नाइटिंगेल यांच्या चाहत्यांनी जागेवरून आक्षेप घेतला. एकीचा मान वाढला की दुसरीचा कमी होतो, असे मानणाऱ्यांची संख्या कमी नाही.

संशोधन : कुणाचे नाव पहिले

शुश्रूषेतल्या स्त्रीचे कौतुक करणे समाजाला जड गेले नाही, कारण ते तिच्या ठरलेल्या भूमिकेत बसत होते. प्रयोगशाळेत तसे नव्हते. स्त्रीच्या शोधाचे श्रेय पुरुष सहकाऱ्याकडे सरकण्याच्या या प्रकाराला मार्गारेट रॉसिटर या इतिहासकार बाईंनी १९९३ मध्ये ‘माटिल्डा परिणाम’ असे नाव दिले.

ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईंनी हवाई येथे कुष्ठरोगावरील चालमुग्रा तेलावर काम केले. हे घट्ट तेल टोचले की त्वचेखाली गाठी होत. पोटात घेतले की उलट्या. बॉल यांनी त्यातील स्निग्धाम्लांपासून शरीरात शोषले जाईल असे टोचण्याजोगे औषध बनवले. १९१६ च्या अखेरीस, चोविसाव्या वर्षी, त्या वारल्या. पुढे महाविद्यालयाच्या अध्यक्षांनी हे काम त्यांचा उल्लेखही न करता प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये एका सहकारी डॉक्टरने या पद्धतीला ‘बॉल पद्धत’ म्हटले, म्हणून बॉल यांच्या कामाचा माग राहिला. सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठरोगावर हेच औषध चालत होते. विद्यापीठाने त्यांच्या नावाची पाटी लावली ती २००० मध्ये, आवारातल्या चालमुग्राच्याच झाडापाशी.

पॅरिसमध्ये मार्त गोतिए यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे, तंत्र शिकून आलेल्या गोतिए यांनी डाऊन संलक्षण असलेल्या मुलांच्या पेशींतील गुणसूत्रे मोजायचे ठरवले. उपकरणांसाठी त्यांनी स्वतः कर्ज काढले; संवर्धनासाठी लागणारा रक्तद्रव कमी पडला तेव्हा स्वतःचे रक्त वापरले. १९५८ मध्ये त्यांना ४६ च्या जागी ४७ गुणसूत्रे दिसली. छायाचित्र घेता येईल असा सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे नव्हता. झेरोम लेज्यून या सहकाऱ्याने काचपट्ट्या छायाचित्रासाठी नेल्या आणि शोध पुढे लेज्यून यांच्याच नावाने गाजला. १९५९ च्या निबंधात गोतिए दुसऱ्या क्रमांकावर होत्या, तेही ‘मारी गोथिए’ अशा चुकीच्या नावाने. फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने २०१४ मध्ये त्यांच्या वाट्याची दखल घेतली, तेव्हा त्या नव्वदीकडे झुकल्या होत्या.

नाव हरवण्याचा एक उलटा प्रकारही आहे. व्हर्जिनिया ॲपगार यांना शल्यक्रियेत स्त्रीचा निभाव लागणार नाही, असे वरिष्ठांनी सांगितल्याने त्या भूलशास्त्राकडे वळल्या. नवजात बाळाची स्थिती झटकन कशी ओळखावी, यासाठी त्यांनी १९५२ मध्ये पाच गोष्टी मांडल्या : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठरपणा, चिमटा काढल्यावरचा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, जन्मानंतर पहिल्या मिनिटाला आणि मग पाचव्या मिनिटाला. रडत नसलेले बाळ मेलेलेच समजून बाजूला ठेवण्याची सवय या तपासणीने मोडली. दहाएक वर्षांनी कोणीतरी त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांवर पाचही लक्षणे बसवली, आणि आज कित्येक डॉक्टरांना ‘ॲपगार’ हे बाईंचे आडनाव आहे याचा पत्ताच नसतो. रोज प्रसूतिगृहांत उच्चारल्या जाणाऱ्या नावाची ही गत.

शरीरक्रियाविज्ञान अथवा वैद्यक यांतील नोबेल पारितोषिक १९०१ पासून दिले जाते. ते मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणजे १९४७ च्या गर्टी कोरी. २०२५ पर्यंत ही संख्या १४ वर पोहोचली. तू योयो यांचा उल्लेख येथे हवा. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या हिवतापावरील गुप्त लष्करी प्रकल्पात त्या काम करीत होत्या. चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथात तापावर आर्टेमिसिया ही वनस्पती पाण्यात भिजवून रस पिळावा, असे होते. उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून उष्णतेने गुण जातो हे त्यांनी ताडले, कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि तो आधी स्वतःवर तपासला. १९७७ मध्ये निष्कर्ष छापले गेले तेव्हा त्यावर कोणाचेच वैयक्तिक नाव नव्हते. नोबेल मिळाले २०१५ मध्ये. कातालिन कारिको यांचे तर संशोधनाला निधी मिळत नाही म्हणून १९९५ मध्ये विद्यापीठातील पद खाली आणले गेले होते. २००५ मध्ये ड्र्यू वाइसमन यांच्यासह त्यांनी दाखवले की संदेशवाही आरएनए, म्हणजे कोणते प्रथिन बनवायचे हे पेशीला सांगणारा रेणू, यातील एक घटक बदलला तर शरीराची दाहक प्रतिक्रिया टळते. कोविडच्या काही लसी त्यावरच उभ्या राहिल्या, आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

भारतात कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. एकटीच्या यशावर न थांबता मागून येणाऱ्यांची सोय करण्याची ही तऱ्हा ब्लॅकवेल आणि जेक्स-ब्लेक यांच्याच जातीची.

स्त्री संशोधकांमुळे केवळ श्रेयाची वाटणी बदलली असे नाही. संशोधनाचे प्रश्नही बदलले. अमेरिकेत १९७७ च्या एका मार्गदर्शक सूचनेनुसार मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले जाई. बर्नाडिन हीली या १९९१ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालक झाल्या आणि त्यांनी रजोनिवृत्तीनंतरच्या आरोग्यावर भव्य अभ्यास सुरू केला. दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. हृदयाला फायद्याची म्हणून सर्रास दिली जाणारी संयुक्त संप्रेरके स्तनांचा कर्करोग आणि हृदयविकार यांचा धोका वाढवतात, हे त्यातून २००२ मध्ये कळले.

दिवस, पदके आणि मोबदला

११ फेब्रुवारी (विज्ञानातील स्त्रिया व मुली), ८ मार्च, ५ मे (सुईणी), १२ मे हे दिवस जगभर पाळले जातात. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस परिचर्येसाठी नाइटिंगेल पदक देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका व सुईणींना वाहिले. याच संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील आरोग्य व सामाजिक सेवेतील कर्मचाऱ्यांत स्त्रिया सुमारे ७० टक्के, तर वरिष्ठ पदांवर सुमारे २५ टक्के आहेत.

भारतात २००५ पासून गावोगाव नेमलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. गरोदर स्त्रीला दवाखान्यात नेणे, लसीकरणासाठी घरोघर फिरणे, कोविडच्या काळात रुग्णांचा माग काढणे ही त्यांची कामे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना सामूहिकरीत्या गौरवले. एका व्यक्तीऐवजी एवढ्या मोठ्या समूहाला असा मान मिळणे विरळाच. कागदोपत्री त्या आजही ‘स्वयंसेविका’ आहेत, पगाराऐवजी त्यांना मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, आणि कायम कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा म्हणून त्या वेळोवेळी संपावर जातात.