नेटवर्क होम फोल्डर : अनेक शाखांच्या कार्यालयांतील व्यवस्थापन

कर्मचाऱ्याच्या कामाच्या फायलींसाठी त्याच्या टेबलावरच्या संगणकाऐवजी कार्यालयाच्या सर्व्हरवर राखून ठेवलेली खासगी जागा म्हणजे नेटवर्क होम फोल्डर. कोणत्याही संगणकावरून लॉगिन केले तरी त्याला तोच फोल्डर दिसतो. विंडोजमध्ये तो बहुधा ‘एच’ किंवा ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून मॅप केलेला असतो. संगणक बिघडला तर दुसरा देऊन काम चालू ठेवता येते आणि बॅकअपही एकाच जागी घेता येतो. एका इमारतीत हे सगळे सोपे असते. शाखा वाढल्या की कोणाचा फोल्डर कुठे ठेवायचा आणि बदली झाल्यावर तो कसा हलवायचा, हे प्रश्न सुरू होतात.

कल्पना अमेरिकी विद्यापीठांतून आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९८३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी संगणकांचे जाळे उभारणारा अथेना प्रकल्प सुरू केला. त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या साहाय्याने तसाच अँड्र्यू प्रकल्प आकाराला येत होता. अँड्र्यूच्या फाइल प्रणालीत फोल्डरचा मार्ग सर्व्हरच्या नावाशी बांधलेला नव्हता. फोल्डर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेला तरी वापरणाऱ्याला मार्ग तोच दिसे. आजच्या बहुशाखीय रचनेचा पाया हाच आहे.

शाखांमधली खरी अडचण अंतराची. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते नागपूर आठशे किलोमीटर केबल धरली, तर जाऊन-येऊन किमान आठ मिलिसेकंद लागणारच. मधली उपकरणे धरून वीस समजू. एखादे काम करताना सर्व्हरशी पाचशे वेळा सवाल-जवाब झाले, तर निव्वळ वाट पाहण्यात दहा सेकंद जातात. तेच काम इमारतीतल्या सर्व्हरवर पाव सेकंदात होते. अशा वेळी जादा क्षमतेची लीज्ड लाइन (शाखांना जोडणारी भाड्याची खास लाइन) घेणे हा पैसे वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग, कारण लाइन रुंद झाली तरी अंतर तेवढेच राहते. सर्व्हरवरच्या फायली उघडण्यासाठी विंडोज वापरते त्या एसएमबी प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती याबाबतीत फारच बडबडी होती. व्हिस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शंभरावर आज्ञांच्या एकोणीस झाल्या, तरी माणूस जिथे बसतो तिथल्याच सर्व्हरवर त्याचा फोल्डर ठेवावा, हा नियम टिकून आहे.

बदलीची सोय डीएफएस नेमस्पेसमधून होते; फोल्डर खरोखर कोणत्या सर्व्हरवर आहे ते लपवून एकच मार्ग दाखवणारी ही विंडोज सर्व्हरमधील सोय. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील (कार्यालयाच्या लॉगिन खात्यांच्या नोंदवहीतील) कर्मचाऱ्याच्या नोंदीत सर्व्हरचे नाव न लिहिता नेमस्पेसचा मार्ग लिहितात आणि त्यामागची लिंक योग्य सर्व्हरकडे वळवतात. प्रत्येक शाखेला एक लिंक दिली तर बदलीनंतर मार्ग बदलतो; प्रत्येक व्यक्तीला एक दिली तर मार्ग कायम राहतो, पण लिंका हजारोंनी सांभाळाव्या लागतात. बदल्या वारंवार होत असतील तर दुसरा त्रास पत्करलेला बरा. प्रत्यक्ष हलवाहलवीत रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या आज्ञेने परमिशनसह (कोणाला काय उघडता येईल या अधिकारांसह) पहिली प्रत आधीच काढतात, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर उरलेले बदल उचलतात आणि मग लिंक फिरवतात. संगणक लिंकचे जुने उत्तर मुळात १,८०० सेकंद लक्षात ठेवतो. म्हणून जुना फोल्डर लिंक फिरवण्याआधीच ‘फक्त वाचता येईल’ असा करून ठेवावा, नाहीतर सकाळची पहिली फाइल जुन्याच जागी सेव्ह होते.

फिरतीवरच्या लोकांसाठी दोन्ही शाखांत प्रत ठेवून ती दुतर्फा सिंक करण्याचा मोह होतो. विंडोज सर्व्हर २००३ आर२ मध्ये आलेले, सर्व्हरांमधल्या प्रती जुळवत राहणारे डीएफएस रेप्लिकेशन त्यासाठी हाताशी असते, पण त्यात शाखांमध्ये फाइल लॉक होत नाही. पुण्यात उघडी राहिलेली अंदाजपत्रकाची शीट नागपुरात कोणी बदलली, तर जी शेवटी सेव्ह झाली ती टिकते. हरलेली प्रत एका लपवलेल्या फोल्डरात जाते आणि त्याची मर्यादा भरली की पुसली जाते. वापरणाऱ्याला याची सूचना मिळत नाही. सर्व्हरकडे वळवलेले डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर आणि रोमिंग प्रोफाइल (कोणत्याही संगणकावर सोबत येणारी वापरकर्त्याची सेटिंग्ज) यांसाठी अशा एकाहून अधिक चालू प्रतींची रचना मायक्रोसॉफ्टही समर्थित मानत नाही. मुख्यालयात बॅकअपसाठी एकतर्फी प्रत नेणे मात्र योग्य.

परमिशनमध्ये नेहमीची चूक म्हणजे सगळ्यांचे फोल्डर ज्यात असतात त्या मूळ फोल्डरवर सर्वांना दिलेला अधिकार खालच्या सगळ्या फोल्डरांत उतरणे. मग एकाची पगारपत्रके दुसरा वाचतो. मूळ फोल्डरपुरता नवा फोल्डर करण्याचा अधिकार सर्वांना आणि आतला पूर्ण अधिकार निर्मात्याला, ही रचना चालते. उलट टोकही आहे. फोल्डर वळवताना ‘वापरकर्त्याला एकट्यालाच अधिकार’ ही खूण आधीपासून केलेली असते. ती तशीच राहिली तर माणूस नोकरी सोडून गेल्यावर ॲडमिनलाही त्याचा फोल्डर मालकी घेतल्याशिवाय उघडत नाही.

मराठी फाइलनावांचा एक पेच मराठीतल्या मार्गदर्शिकांतही क्वचितच सापडतो. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक स्टोरेज पेट्यांत फाइलनावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे. ‘कार्यालयीन’ हा डोळ्यांना पाच अक्षरांचा शब्द दहा चिन्हे, म्हणजे तीस बाइट्स खातो. त्यामुळे पंच्याऐंशी चिन्हांतच नाव संपते. पत्राचा अख्खा विषय फाइलनावात लिहिण्याची सवय असलेल्या कार्यालयात, विंडोजवर नीट सेव्ह झालेली फाइल अशा पेटीवर कॉपी होत नाही आणि दोष मात्र नेटवर्कला दिला जातो.

कोटा, म्हणजे प्रत्येकाच्या फोल्डरला दिलेली जागेची मर्यादा, शाखेच्या डिस्कनुसार ठरवतात. लग्नाचे व्हिडिओ सगळीकडे सारखीच जागा खातात. योग्य सर्व्हरकडे वळवण्याचे डीएफएसचे काम लिनक्समध्ये ऑटोमाउंट करतो: लॉगिन होताच ज्याचा त्याचा होम फोल्डर योग्य सर्व्हरवरून जोडला जातो.

आता बरीच कार्यालये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीकडे वळवतात, आणि शाखेचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटतो. एकमेकींशी जोडलेली ऑटोकॅडची रेखाचित्रे आणि ॲक्सेसचे डेटाबेस यांना मात्र अशी सिंक मानवत नाही. ते शाखेतल्या सर्व्हरवरच ठेवावे लागतात.