पार्श्वभूमी: ९५ टक्के दाखवून हुकलेली गोळी

गेममध्ये कशाने डोकं फिरतं याच्या याद्या सतत बनत असतात आणि त्यातली नावं साधारण तीच असतात. पाण्याखालची लेव्हल, वाचवायला दिलेला पण स्वतःच गोळ्यांसमोर धावणारा सोबती, बॉसच्या (शेवटच्या मोठ्या शत्रूच्या) आधी दर वेळी नव्याने बघावा लागणारा संवाद, आणि नेम लागण्याची शक्यता ९५ टक्के दाखवूनही हुकलेली गोळी. पहिल्या तिघांवर बऱ्यापैकी इलाज निघाले. सोबत्याला आता बहुतेक गेममध्ये मरणच नसतं, संवाद एक बटण दाबून ओलांडता येतो. चौथ्याचं भांडण मात्र मिटलेलं नाही.

जुना काळ थोडक्यात. आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशिनांवर, छळातच धंदा होता. 'गाँटलेट' (१९८५) मध्ये नुसतं उभं राहिलं तरी हेल्थ आपोआप उतरायची आणि नाणं टाकलं की भरायची. 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' (१९८५) दुसऱ्या फटक्याला मारायचा आणि शेवटापर्यंत पोचलेल्याला 'हा तर सापळा होता' असं सांगून अख्खा गेम पुन्हा खेळायला लावायचा. घरच्या कन्सोलवर नाणं गेलं, सवय राहिली. गेमच्या कार्ट्रिजमध्ये खेळ थोडाच मावायचा, तो एका दुपारी संपू नये हे बघावं लागे. अमेरिकेत गेम भाड्यानेही मिळत, त्यामुळे दोन-तीन दिवसांत संपणारा गेम विकत कोण घेणार, ही चिंता वेगळी. म्हणून 'कॅसलव्हेनिया' (१९८६) मध्ये फटका बसला की हिरो मागे फेकला जातो, आणि उडीत असताना बसला तर हेल्थ भरलेली असूनही खड्ड्यात जातो. 'निंजा गायडेन' (१९८८) मध्ये एक पाऊल मागे घेतलं की आत्ताच मारलेला शत्रू पुन्हा हजर, कारण त्याची जन्मजागा स्क्रीनबाहेर जाऊन परत आत आलेली असते. निंजा टर्टल्सच्या १९८९ च्या गेममधलं धरण तर कुप्रसिद्धच आहे: ८ बॉम्ब, २ मिनिटं २० सेकंद, आणि अरुंद वाटेत दोन्ही बाजूंना शॉक देणारं शेवाळ.

सेव्हची गोष्टही तशीच. 'ड्रॅगन क्वेस्ट २' (१९८७) च्या मूळ जपानी आवृत्तीत खेळ थांबवला तिथून पुन्हा सुरू करायला पासवर्ड लागायचा, आणि पुढच्या टप्प्यांवर तो ५२ अक्षरांपर्यंत जायचा. तो हाताने उतरवून घ्यायचा, आणि जुन्या टीव्हीच्या पडद्यावर 'बा' आणि 'पा' ही जपानी अक्षरं जवळजवळ सारखीच दिसायची. एक टिंब चुकलं की आठवड्याचा खेळ पाण्यात. पीसीवर 'किंग्ज क्वेस्ट ५' (१९९०) मध्ये भूक लागली म्हणून 'पाय' (pie) हा गोड पदार्थ खाल्ला तर बऱ्याच पुढे बर्फातल्या राक्षसावर फेकायला काही उरत नाही, आणि गेम हे आधी कधीच सांगत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट समान होती. कितीही चीड आली तरी नियम ठरलेला असायचा. धरणातलं शेवाळ दर वेळी त्याच जागी असतं, त्यामुळे दहाव्या खेपेला हात आपोआप वळतो. नशिबावर चालणाऱ्या गेममध्ये हात वळवून काही होत नाही, आणि तिथेच आकड्यांचा प्रश्न आला.

हिशोब साधा आहे, पण मनाला पटत नाही. ९५ टक्क्यांच्या ३० गोळ्या झाडल्या तर त्यातली एक तरी हुकण्याची शक्यता ७८ टक्क्यांच्या वर जाते. लागोपाठ दोन हुकणं म्हणजे ४०० त एक, आणि पूर्ण मोहिमेत काही शे गोळ्या सहज सुटतात. म्हणजे प्रामाणिक फाशातही असा प्रसंग अनेकांवर येणारच. खेळाडू मात्र ९५ चा अर्थ 'लागलीच समजा' असा घेतो आणि ७० चा 'बहुतेक वेळा'. २०१० मध्ये एका नामवंत डिझायनरने जाहीर व्याख्यानात आपल्या स्ट्रॅटेजी गेमच्या चाचण्यांबद्दल सांगितलं. ३ विरुद्ध १ अशी ताकद असताना हरलं की लोक तक्रार करायचे. हेच प्रमाण उलटं असताना आपण जिंकलो तर कोणाचीच तक्रार नसायची. २ विरुद्ध १ मधली हार चालायची, पण २० विरुद्ध १० मधली नाही. अखेर आधीच्या लढायांचे निकाल हिशोबात धरून शक्यता वाकवल्या गेल्या.

ही वाकवण्याची रीत तेव्हा नवी नव्हती. 'फायर एम्ब्लेम' या आळीपाळीने चाली करायच्या युद्ध-गेमच्या मालिकेत २००२ च्या 'बाइंडिंग ब्लेड'पासून नेम लागला की नाही हे ठरवायला एकाऐवजी दोन आकडे काढले जाऊ लागले. ० ते ९९ मधले दोन आकडे, त्यांची सरासरी, आणि ती पडद्यावरच्या टक्क्यापेक्षा कमी आली तर फटका लागला. दोन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांकडे झुकते, त्यामुळे दोन्ही टोकं ताणली जातात. पडद्यावर ९० असेल तर खरी शक्यता ९८.१, ८० ची ९२.२, आणि उलट १० ची फक्त २.१. पन्नाशीच्या आसपास फरक नावापुरता.

नियम दोन्ही बाजूंना सारखाच आहे, शत्रूचे ८० टक्केही ९२.२ च असतात. पण या गेममध्ये खेळाडूचे फटके बहुधा ७५ च्या वर असतात आणि चपळ पात्रांवर शत्रूचे ३० च्या खाली, म्हणून फायदा एका बाजूला जमा होतो. गोम क्रिटिकलमध्ये, म्हणजे क्वचित लागणाऱ्या पण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करणाऱ्या फटक्यात आहे. क्रिटिकलसाठी एकच आकडा काढला जातो, त्यामुळे तिथले ३ टक्के खरोखर ३ टक्के असतात. शेकडो फटके ताणलेल्या आकड्यांवर काढलेल्या खेळाडूच्या मनात '३ म्हणजे शून्यच' हे पक्कं बसलेलं असतं, आणि मग मेलेलं पात्र परत न येणाऱ्या गेममध्ये त्याच ३ टक्क्यांत जीव जातो. आकडा गोड करण्याची किंमत ही अशी वसूल होते, आणि तिची चर्चा पुरेशी झाली नाही असं म्हणायला जागा आहे. याच मालिकेतल्या २०१५ च्या 'फेट्स'मध्ये ५० च्या खाली एकच आकडा आणि वर वेगळं सूत्र, अशी तडजोड आली. म्हणजे शत्रूचे छोटे टक्के पुन्हा खरे झाले.

'एक्सकॉम: एनिमी अननोन' (२०१२) आणि 'एक्सकॉम २' (२०१६) या सैनिकांचं पथक चालवायच्या गेमनी दुसरी वाट धरली. इथे फासा एकच, पण सोप्या पातळ्यांवर पडद्यामागून मदत मिळते. 'एक्सकॉम २' मध्ये लागोपाठ गोळ्या हुकल्या की पुढच्या गोळीला छुपी भर पडते, पण ती गोळी निदान ५० टक्क्यांची असावी लागते. पथकात माणसं कमी उरली की आणखी थोडी. यातलं काहीच पडद्यावरच्या टक्क्यात दिसत नाही. सर्वात कठीण पातळीवर ही मदत बंद होते. आता खालच्या पातळीवर पन्नास तास घालवून वर गेलेल्याचं काय होतं बघा: त्याच्या अनुभवातले ८० टक्के हे खरे ८० कधी नव्हतेच, त्यामुळे प्रामाणिक फासा पडायला लागला की त्याला गेम फसवतोय असं वाटतं. 'गेम चीटिंग करतो' या तक्रारीतला मोठा भाग असा उलटा आहे.

त्याच मालिकेने आणखी एक वाद ओढवून घेतला. गोळी हुकली की आधीचा सेव्ह लोड करायचा, हा जुना उपाय तिथे चालेना, कारण फाशाचा सीड (ज्यावरून पुढचे सगळे आकडे ठरतात तो सुरुवातीचा आकडा) सेव्हबरोबरच साठवलेला होता. तीच चाल त्याच क्रमाने केली तर निकाल तोच. लोकांनी लगेच मार्ग काढला. आधी दुसऱ्या सैनिकाला गोळी झाडायला लावायची म्हणजे रांगेतला वाईट आकडा तो खातो, आणि आपल्या नेमबाजाला पुढचा मिळतो. 'फायर एम्ब्लेम'च्या जुन्या हँडहेल्ड (हातात धरून खेळायच्या कन्सोलवरच्या) भागांत तर चालीचा बाण पडद्यावर ठरावीक पद्धतीने वेडावाकडा फिरवून आकडे 'जाळले' जायचे. पुढे लोड केल्यावर सीड बदलावा असा पर्यायही 'एक्सकॉम'मध्ये दिला गेला. भांडण तिथेच संपवायचा तो सरळ मार्ग होता, फक्त उशिरा सुचला.

पडद्यामागची मदत सगळीकडे इतकी खटकली नाही. 'टेट्रिस'मध्ये उभा लांब तुकडा वाट बघायला लावायचा; नंतरच्या आवृत्त्यांत सातही तुकडे एका पिशवीत घालून एकेक काढण्याची पद्धत आली, आणि दोन लांब तुकड्यांमध्ये जास्तीत जास्त १२ तुकडे एवढीच वाट उरली. 'वॉरक्राफ्ट ३' (२००२) मध्ये २५ टक्के वेळा चालणाऱ्या खास क्षमतेची शक्यता पहिल्या फटक्याला सुमारे ८.५ टक्क्यांनी सुरू होते, दर अपयशाला तेवढीच वाढते आणि यश आलं की पुन्हा पहिल्यापासून. सरासरी २५ च राहते, लांबलचक दुष्काळ तेवढा जातो. ही पद्धत खेळाडूंनी उघडपणे समजून घेतली आणि डावपेचात वापरलीही. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) ने अपयशाची साखळी तोडणारा फासा सेटिंगमध्ये बटण म्हणून ठेवला, नको असेल तर बंद करा. 'इन्टू द ब्रीच' (२०१८) ने नेमाचे टक्के काढूनच टाकले. शत्रू पुढे काय करणार ते आधी दिसतं आणि नशीब उरतं फक्त इमारतींच्या बचावात.

पैसे मध्ये आल्यावर प्रश्नाचं रूप पालटलं. चीनमध्ये १ मे २०१७ पासून पैसे देऊन लॉटरीसारख्या काढायच्या वस्तूंच्या शक्यता जाहीर करणं बंधनकारक झालं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एका मोठ्या मोबाइल ॲप दुकानानेही तसा नियम केला. 'गेन्शिन इम्पॅक्ट' (२०२०) मध्ये पंचतारांकित (सर्वात दुर्मिळ दर्जाच्या) पात्राची दर खेपेची मूळ शक्यता ०.६ टक्के जाहीर आहे, ९० व्या खेपेला हमी आहे, आणि हमी धरून एकूण १.६ टक्के. हमी नसती तर ९० खेपांत मिळण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के राहिली असती. जाहीर केलेले तिन्ही आकडे खरे आहेत. पण साधारण ७४ व्या खेपेपासून शक्यता झपाट्याने चढते, हे खेळाडूंनी हजारो निकाल गोळा करून शोधलं. जाहीर तक्त्यात तो चढ नाही, आणि आणखी पैसे घालायचे की थांबायचं हे नेमकं त्याच टप्प्यावर ठरतं.