पाळी थांबली, हाडांचं काय?

‘सराव जोरात चाललाय ना, म्हणून पाळी थांबलीय. स्पर्धा झाली की येईल.’ ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमबाहेर लेकीची वाट बघत उभ्या असलेल्या आया हे किती सहज बोलून जातात! महिन्याची कटकट टळली, एवढंच दिसतं.

मुलीच्या हाडांचा जवळजवळ 90 टक्के साठा अठराव्या वर्षापर्यंत भरून होतो आणि त्यात अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा वाटा मोठा. हाड म्हणजे घोडबंदर रोडवरच्या टॉवरचं एकदा ओतलेलं काँक्रीट नव्हे. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड खातात, ऑस्टिओब्लास्ट नवं घालतात. गंमत अशी, की खाणाऱ्यांना तयार करण्याचा हुकूम बांधणाऱ्यांच्या घराण्यातूनच सुटतो. या पेशी ‘रँकल’ हे प्रथिन पुढे करतात. ते अजून तयार न झालेल्या पूर्वपेशीवरच्या ‘रँक’ या खाचेला चिकटलं की तिचा ऑस्टिओक्लास्ट होतो. त्याच घराण्यातून ‘ओपीजी’ हे दुसरं प्रथिनही सुटतं, आणि ते रँकलला वाटेतच धरून ठेवतं. इस्ट्रोजेन ओपीजी वाढवतं, रँकल दाबतं, वर ऑस्टिओक्लास्टचं आयुष्यही कमी करतं. ते आटलं की तिन्ही लगाम एकदम सुटतात.

आटतं कशामुळे? शरीराच्या खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच या संप्रेरकाचे ठोके मंदावतो. मग त्या ठोक्यांवर चालणारी पिट्यूटरी ग्रंथी गप्प, तिच्या इशाऱ्यावरचं अंडाशय गप्प. पीसीओएस या पाळी अनियमित करणाऱ्या विकाराचं तसं नसतं. तिथे पाळी चुकली तरी इस्ट्रोजेन बहुधा असतं, त्यामुळे पाळी अनियमित म्हणजे हाडं ठिसूळ, हे सरसकट खरं नाही.

दात या भानगडीत फारसे सापडत नाहीत. अक्कलदाढा सोडल्या तर कायमचे दात साधारण तेराव्या वर्षापर्यंत आलेले असतात, आणि दातावरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, मोडून पुन्हा बांधलं जात नाही. म्हणून उशिरा वयात येणाऱ्या मुलीच्या मनगटाच्या एक्स-रेत हाडं वयापेक्षा लहान मुलीची वाटतात, जबड्याच्या एक्स-रेत दात मात्र बहुधा वयाला धरून असतात.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होणारच. त्यासाठी ना उपास हवेत, ना ‘हाडं मजबूत’ करणाऱ्या महागड्या पावडरी. मात्र पंधरा वर्षं पूर्ण होऊनही आली नाही, किंवा सुरू होऊन तीन महिने गायब झाली, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. आणि पाळी आणायच्या गोळ्यांवर विसंबू नका. गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण कमी खाऊन पाळी गेलेल्या मुलींची हाडं त्याने भरून येतात असं दिसलेलं नाही. उलट त्या रक्तस्रावामुळे सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. आधी ताटातलं वाढवायचं, गरज पडली तर सरावही कमी करायचा. पाळी त्यानंतर आपणहून परतते का, हे बघायचं.