इंटरल्यूकिन-६ : सीआरपीच्या रिपोर्टमागचा रेणू

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोव्हिडच्या दुसऱ्या लाटेत, टोसिलिझुमॅब या औषधाच्या एका कुपीसाठी पेशंटचे नातेवाईक रात्रभर शहर पालथं घालत होते. घरोघरी 'सीआरपी किती आला?' याचीच चौकशी. सीआरपी म्हणजे शरीरात सूज वाढली की यकृत रक्तात सोडतं ते प्रथिन. त्या औषधाचा आणि त्या आकड्याचा संबंध एकाच प्रथिनाशी आहे : इंटरल्यूकिन-६.

पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी छोटी प्रथिनं सोडतात, ती सायटोकाईन्स; इंटरल्यूकिन-६ त्यांतलंच एक. १९५७मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना कोंबडीच्या अंड्यातल्या पटलावर विषाणूंना अडवणारं इंटरफेरॉन हे सायटोकाईन सापडलं. पुढे प्रत्येक प्रयोगशाळा आपल्याला दिसलेल्या परिणामावरून रेणूला नाव देऊ लागली आणि गोंधळ वाढत गेला. १९८६मध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने बी पेशींना (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) अँटिबॉडी बनवायला लावणाऱ्या एका घटकाचा जनुक वेगळा केला. जुळवून पाहिलं, तर इंटरफेरॉनचा एक प्रकार म्हणून दुसरीकडे नोंदलेला रेणू तोच निघाला. यकृताला सीआरपीसारखी प्रथिनं बनवायला लावणारा घटकही तोच, हे लवकरच कळलं. हाच इंटरल्यूकिन-६, थोडक्यात आयएल-६.

एकच रेणू इतकी वेगवेगळी कामं कशी करतो? याचं उत्तर ग्राहीत, म्हणजे रिसेप्टरमध्ये, मिळालं आणि या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच. आयएल-६चा ग्राही स्वतः पेशीच्या आत काहीच कळवत नाही. रेणू त्याला चिकटला की शेजारचं जीपी१३० हे प्रथिन जोडीने जवळ येतं. त्याच्या आतल्या टोकाला असलेली जॅक विकरं (एन्झाइम) जागी होतात, ती स्टॅट३ या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात आणि स्टॅट३ केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. कोणती जनुकं, ते पेशीवर ठरतं : यकृतात सीआरपीचं, बी पेशीत अँटिबॉडीशी संबंधित. शिवाय जीपी१३० जवळपास सगळ्या पेशींवर असतं, ग्राही मात्र मोजक्याच. पण ग्राहीचे सुटे तुकडे रक्तात फिरतात आणि त्यांना चिकटलेला आयएल-६ स्वतःचा ग्राही नसलेल्या पेशींनाही चेतवू शकतो. संधिवातात सूज सांध्यांमध्ये ठाण मांडून बसते, त्यात या वाटेचा मोठा वाटा आहे.

म्हणून रेणूऐवजी ग्राहीच अडवायचा, असं ठरलं. टोसिलिझुमॅब ही ग्राहीवर बसणारी अँटिबॉडी. जपानमध्ये २००५ला लसिकाग्रंथी सुजवणाऱ्या कॅसलमन आजारासाठी आणि २००८ला संधिवातासाठी तिला मंजुरी मिळाली. २०१२मध्ये फिलाडेल्फियात रक्ताच्या कर्करोगावर कार-टी उपचार (रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून कर्करोगावर सोडणं) घेणारी एक लहान मुलगी सायटोकाईनच्या उसळीने अत्यवस्थ झाली, ती याच औषधाने सावरली. कोव्हिडमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत, ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१वर आलं. हा फायदा खरा आहे, पण ती संजीवनी नव्हती. वणवण करणाऱ्या घरांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं.

औषध दिल्यावर रिपोर्ट वाचतानाही जपावं लागतं. ग्राही अडल्याने यकृताला निरोपच पोचत नाही, त्यामुळे आत जंतुसंसर्ग चालू असला तरी सीआरपी झपाट्याने उतरतो. उलट रक्तातला आयएल-६ वाढलेला दिसतो, कारण ग्राहीमार्फत होणारा त्याचा निचरा थांबलेला असतो.