साका

हापूस आंब्याच्या गरात फळ पिकताना दिसून येणारी शरीरक्रियात्मक विकृती. शास्त्रीय लेखनात तिला ‘स्पंजी टिश्यू’ म्हणतात. १९७० च्या दशकातील काही निबंधांत ‘अंतर्गत विघटन’ असाही उल्लेख येतो. कोकणात ‘साका पडला’, ‘साक्याचा आंबा’ असे म्हणण्याची रीत आहे. कोकण, गोवा, दक्षिण गुजरात आणि कर्नाटक अशा हापूसच्या सर्व पट्ट्यांत ती आढळते. पायरी, केसर वगैरे जातींत तिचा उपद्रव जाणवण्याइतका नसतो. नुकसानीचा आकडा अभ्यासांत ३० टक्क्यांपर्यंत दिलेला असतो. तो सरासरी म्हणून न घेता वाईट हंगामातील कमाल म्हणून घ्यावा, कारण एकाच बागेत झाडागणिक आणि तोडणीगणिक प्रमाण बदलते.

लक्षणे : साक्याचे फळ बाहेरून ओळखता येत नाही. सालीचा रंग, वास, हाताला लागणारा मऊपणा सारे निरोगी फळासारखेच असते. कापल्यावर कोयीला लागून फिकट पिवळा ते पांढुरका चट्टा दिसतो. तो कधी बोटाच्या पेराएवढा असतो, तर कधी सालीखालचा पातळ थर सोडून सगळा गर व्यापतो. चट्ट्यातला गर भुसभुशीत किंवा बुचासारखा असून त्यात बहुधा हवेच्या पोकळ्या असतात. चव आंबट व वास नकोसा लागतो.

या भागात पिकण्याची क्रिया अर्ध्यावर थांबलेली असते. पिष्टाची साखर होत नाही, ते काम करणाऱ्या अमायलेज या विकराची (एन्झाइमाची) क्रियाशीलता कमी राहते, आम्लता उतरत नाही आणि गराला पिवळा-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये पुरेशी तयार होत नाहीत; म्हणून चट्टा पांढरा दिसतो. कापलेल्या फोडीवर आयोडिनाचा विरल द्राव टाकला तर साक्याचा भाग निळा-काळा होतो आणि पिकलेला गर जवळजवळ तसाच राहतो.

इतर दोषांशी होणारी गल्लत टाळणे महत्त्वाचे आहे. करप्याचे (कोलेटोट्रायकम बुरशी) काळे डाग आणि देठकूज सालीवरून आत जातात. फळमाशीच्या फळात अळ्या सापडतात. ‘जेली सीड’ या विकृतीतही बिघाड कोयीभोवतीच असतो, पण तेथे गर वाजवीपेक्षा लवकर पिकून पाणचट होतो. साक्यात तो पिकतच नाही. साका संसर्गजन्य नाही. अढीत एका फळापासून दुसऱ्याला तो लागत नाही आणि बुरशीनाशकांनी आटोक्यात येत नाही.

कारणमीमांसा : पहिली लेखी नोंद साधारणपणे चीमा आणि दाणी यांची मानली जाते. मुंबई इलाख्यातून १९३२ व १९३३ साली युरोपास पाठविलेल्या आंब्यांवरील त्यांचा अहवाल १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. बागायतदारांना हा दोष त्याआधीही ठाऊक असावा. लांबच्या प्रवासानंतर परक्या बाजारात फळ कापले गेल्यामुळे तो शास्त्रीय नोंदीत आला, एवढेच म्हणता येते. त्यानंतरची सुमारे साडेतीन दशके नोंदी तुरळक आहेत. १९७१ मध्ये सुब्रह्मण्यम व सहकाऱ्यांनी ही पिकण्याच्या क्रियेतील शरीरक्रियात्मक विकृती असल्याचे मांडले. तेव्हापासून तीन प्रमुख मते पुढे आली.

पहिले मत उष्णतेचे. काढलेली फळे उन्हात राहिल्यास साका वाढतो, हे गुंजाटे व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले. कात्रोडिया यांनी गुजरातेतील बागांत जमिनीवरून वर येणाऱ्या झळांवर भर दिला. झाडाखाली आच्छादन किंवा गवताचे आवरण असले तर प्रमाण घटते, हा त्यांचा निष्कर्ष प्रत्यक्ष व्यवहारात उपयोगी पडतो. रत्नागिरी-देवगडकडील कातळावरच्या बागांत एप्रिल-मे महिन्यांत जांभा दगड किती तापतो हे पाहिले, की या मताचे वजन कळते. मात्र सारख्याच उन्हात वाढलेल्या शेजारच्या पायरीला साका का पडत नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

दुसरे मत कॅल्शियमच्या कमतरतेचे. साक्याच्या गरात निरोगी गरापेक्षा कॅल्शियम कमी असते. हे मूलद्रव्य झाडात मुख्यतः पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते. पाने भरपूर बाष्प सोडतात म्हणून ते पानांकडे जाते आणि फळाच्या वाट्याला थोडे येते. फळ जितके मोठे, तितके ते आणखी विरळ होते. मोठ्या फळांत साका जास्त का, हे यावरून सुचते. सफरचंदातील ‘बिटर पिट’ हा दोष याच प्रकारचा मानतात. शिवाय कोकणच्या जांभ्या मातीतील कॅल्शियम मुसळधार पावसाने धुऊन जाते. गुंजाटे व सहकाऱ्यांच्या १९७९ च्या प्रयोगांत काढणीपूर्वी व काढणीनंतर दिलेल्या कॅल्शियमचा उपयोग झाला. परंतु कॅल्शियमने साका कमी होतो, नाहीसा होत नाही. त्यामुळे कमतरता हे मूळ कारण न मानता दोषाला वाट करून देणारी परिस्थिती मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तिसरे मत बीजाचे. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील रवींद्र व शिवशंकर यांनी ते २००४ पासून मांडले. आंब्याच्या बीजाला सुप्तावस्था नसते. ते वाळविले तर मरते आणि ओलावा मिळाल्यास लगेच रुजू लागते. हापूसमध्ये फळ झाडावर असतानाच कोयीतील बीज रुजण्याच्या तयारीला लागते आणि आपली गरज भागविण्यासाठी भोवतालच्या गरातून पाणी व द्रव्ये ओढून घेते, असे हे मत सांगते. चट्टा नेहमी कोयीकडून का सुरू होतो, फळ झाडावर जास्त तयार होऊ दिले तर साका का वाढतो, आणि उष्णतेने तो का बळावतो (उष्णता बीजाची चयापचय क्रिया वाढविते), या तिन्ही गोष्टींची संगती येथे लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अलीकडील अभ्यासात साक्याच्या गरात ऑक्सिडीकरणाचा ताण दिसून आला. तो या प्रक्रियेचा परिणामही असू शकतो. जिवाणूसंसर्गाची शक्यताही मांडली गेली आहे, पण काढणीनंतरच्या उन्हानेही साका वाढतो हे पाहता जिवाणू मागाहून शिरत असावेत, असे समजणे बरे. उपलब्ध पुराव्यात बीजाचे मत सर्वांत जास्त निरीक्षणे सामावून घेते. उष्णता व कॅल्शियम ही त्याला पूरक कारणे ठरतात.

निदान : न कापता साका ओळखण्यासाठी क्ष-किरण चित्रण उपयोगी ठरल्याचे भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी १९९३ मध्ये दाखविले. हवेच्या पोकळ्यांमुळे बाधित भागाची छटा निरोगी गरापेक्षा वेगळी उमटते. अवरक्त किरणांच्या पद्धतींवरही काम झाले आहे. बांधणीगृहात सोपा मार्ग विशिष्ट गुरुत्वाचा (फळ पाण्याच्या किती पट जड आहे हे पाहण्याचा) आहे. कोवळे फळ पाण्यावर तरंगते, तयार फळ बुडते आणि १·०२ पेक्षा जड फळांत साक्याचा धोका वाढतो. ही चाचणी धोका सांगते, प्रत्यक्ष साका दाखवीत नाही.

काढणी व हाताळणी : सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे वेळेवर तोडणी. कोकणात फळाची तयारी आण्यांत मोजतात. झाडावर पूर्ण पक्व झालेले फळ सोळा आणे. हापूस चौदा आण्यांवर, म्हणजे सुमारे ८५ टक्के तयारीला काढावा. या वेळी फळाचे खांदे देठाच्या पातळीच्या वर येतात, देठाशी किंचित खळगा पडतो आणि गडद हिरवा रंग फिका होतो. बारा आण्यांचे फळ काढल्यास साका टळतो, पण फळ सुरकुतते व गोडी येत नाही. पंधरा-सोळा आण्यांपर्यंत थांबल्यास वजन व रंग मिळतो, मात्र साका बळावतो. एकाच झाडावरचा मोहोर दोन-तीन टप्प्यांत आलेला असल्यामुळे सगळे झाड एकदम उतरवू नये, फळे निवडून काढावी.

तोडणी सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा दुपारी चारनंतर करावी. नूतन झेल्याने (देठ कापून फळ जाळीत झेलणाऱ्या काठीने) देठासह काढलेले फळ जमिनीवर आपटत नाही आणि चिकाचे डागही पडत नाहीत. काढलेली फळे तापलेल्या कातळावर अगर उघड्या टेम्पोत अर्धा तास राहिली तरी पुढची काळजी वाया जाऊ शकते. ती लगेच सावलीत न्यावी. वाहतूक रात्री करणे हिताचे. शीतगृहात तापमान १३ अंश सेल्सियसच्या खाली नेल्यास थंडीची इजा होते, म्हणून साक्यावर उपाय म्हणून अतिशीत साठवण करू नये. बागेत झाडाच्या विस्ताराखाली पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा पसरावा.

साकामुक्त जाती : संकराचे मुख्य काम वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात झाले, हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. नीलम × हापूस या संकरातून निवडलेली रत्ना १९८१ मध्ये प्रसारित झाली. तिचे फळ हापूसपेक्षा मोठे, रेषाविरहित व साकामुक्त आहे. रत्ना × हापूस यांपासून मिळालेली सिंधू १९९२ ची. तिच्यात हापूसचा वारसा सरासरीने तीन-चतुर्थांश असूनही साका पडत नाही. तिची कोय अगदी पातळ, नाममात्र असते, हे बीजाच्या मताशी जुळते. रत्नाची कोय मात्र नाममात्र नाही. म्हणजे बीज असणे एवढ्याने साका होत नाही, ते केव्हा जागे होते हे निर्णायक असावे आणि तो गुण नीलमकडून आला असावा. बंगळूरच्या संस्थेच्या अर्का पुनीत (हापूस × बंगनपल्ली) व अर्का अरुणा (बंगनपल्ली × हापूस) या जातीही साकामुक्त आहेत.

या जातींची लागवड हापूसच्या मानाने थोडी राहिली. दर हापूस या नावाला मिळतो आणि २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर ते नाव अधिक बांधीव झाले. रत्ना किंवा सिंधू त्या नावाने विकता येत नाही.